मोरीपाशी बेला बसली

कंदील बारीक केलात? बरं. आता मधे कुणी बोलायचं नाही. ज्याच्यावर हे गुदरलं तो माणूस लष्करातला, आणि आमच्या गारगोटीत त्याला थापा मारताना कुणी ऐकलं नाही. आकाराम गुरव. हवालदार. कुत्र्यांचे वस्ताद. म्हणजे कुत्र्यांना नव्हे हं, कुत्री घेऊन फिरणाऱ्या जवानांना शिकवायचे. जमिनीत पुरलेली सुरुंगाची दारू कुत्रं वासावरून हुडकतं. सापडली की भुंकत नाही, उकरत नाही, गप खाली बसतं. अवघड काम कुत्र्याचं नाही, पट्टा धरणाऱ्याचं, असं आकाराम म्हणायचे.

साल एकोणऐंशी. पूर्वेच्या सरहद्दीवर निघालेल्या सहा जवानांची तयारी करून घ्यायला त्यांना महिनाभर चंदगडच्या रानात पाठवलं होतं. तिकडं जसा पाऊस, जसा चिखल, जशी वाटेवर वाकलेली झाडी, तसंच इथं. मुक्काम एका बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत.

श्रावणातला चौथा सोमवार. दुपारी आकाराम पिशवी खांद्याला अडकवून एकटेच निघाले. रात्री त्या सहांतल्या कृष्णातची शेवटची परीक्षा होती. वखारीपासून लाल मातीचा मैलभर रस्ता. त्यावर त्यांनी तीन पुडकी पुरली. दारू खरीच, फक्त बत्ती नसलेली, म्हणजे उडणार नाही अशी. एक आंब्याच्या बुंध्याशी, एक मैलाच्या दगडाखाली, तिसरं पार शेवटी, ओढ्याच्या उतारावर. जागा कुणाला सांगितल्या नाहीत. येताना टपरीवर चहा घेतला, दोन माणसांची काजूवरनं चाललेली हुज्जत ऐकली आणि परत आले.

कृष्णात भुदरगडचा, शेतकऱ्याचा पोर, तेवीस वर्षांचा. गुरुवारी त्याची गाडी होती. आणि त्याला मिळालेली कुत्री होती बेला.

बेलाचा आधीचा माणूस ज्ञानू. आकारामांनीच शिकवलेला, आजऱ्याकडचा. दीड वर्षापूर्वी सरहद्दीवरच्या रस्त्यात बेला बसली. मागून कुणीतरी ओरडलं, थांबू नकोस, चल पुढं. ज्ञानू चार पावलं पुढं गेला, आणि सुरुंग उडाला. उजवा पाय गुडघ्यापासून गेला, रात्रीपर्यंत ज्ञानूही गेला. बेला तेवढी वाचली. ज्ञानूच्या सामानाची पेटी घेऊन आकाराम त्याच्या वाडीला गेले, तेव्हा त्याच्या आईनं, धोंडुबाईनं, एवढंच विचारलं, "माझ्या पोराचं काय चुकलं वो?"

"घाई केली त्यानं, मावशी," आकाराम म्हणाले.

पण मागून आलेला हुकूम मोडायचा नाही, हे ज्ञानूला शिकवलं कुणी? आकारामांनीच. ते त्यांना ठाऊक होतं. तेव्हापासून प्रत्येक पोराला ते बजावायचे, "कुत्री बसली की देवाचा हुकूम आला तरी पाय उचलायचा न्हाय."

रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी कृष्णात निघाला. अमावास्या दोन दिवसांवर आलेली. पावसानं संध्याकाळपासून उघडीप दिली होती, पण झाडं गळत होती. कृष्णात पुढं, त्याच्या डाव्या हाताला बेला. वीस पावलं मागं आकाराम. परीक्षा घेणाऱ्यानं चकार शब्द काढायचा नाही, असा नियम.

आंब्याशी बेला बसली. बरोबर. कृष्णातनं खूण केली, ती परत चालू लागली.

तिथून पुढं मात्र तिचं चालणं बदललं. वास घेता घेता ती मधेच मान वर करायची. कृष्णातकडं नाही. दुसऱ्या बाजूला, आपल्या डावीकडं. शेपूट हलवायची. आकारामांनी बॅटरीचा झोत टाकला. तिच्या डावीकडं ओला रस्ता होता. बाकी काही नाही.

मैलाच्या दगडाशी ती पुन्हा बसली. बरोबर.

आता पुढून हलकं बोलणं ऐकू यायला लागलं. कृष्णात कुत्रीशी बोलत असेल, आकारामांना वाटलं. पण मधेच कृष्णात म्हणाला, "व्हय वस्ताद, न्हाय वढत."

आकाराम जागच्या जागी थांबले. ते तर काहीच बोलले नव्हते.

बेडूक ओरडत होते. तेही थांबले.

पुढं मोरी होती, रस्त्याखालून पाणी काढून दिलेली. तिच्या चार हात अलीकडं बेला बसली.

आकारामांना रागच आला. इथं काही पुरलेलं नव्हतं. तिसरं पुडकं अजून दोन फर्लांगावर. कुत्री चुकली, म्हणजे पोराची गुरुवारची गाडी चुकली. नियम विसरून ते ओरडले, "कृष्णात! तिथं काय न्हाय. मी ठेवलंच न्हाय. घे तिला फुडं!"

कृष्णात हलला नाही.

"ऐकू येतंय का? थांबू नगंस, चल फुडं!"

आणि आपलेच शब्द कानात शिरले तसे आकाराम गार पडले.

कृष्णातचा आवाज आला. बारीक. थरथरता.

"वस्ताद… तुमी तर हितं माझ्या शेजारी हायसा. मनगाट धरलंय माझं. जाऊ नगंस म्हणताय…"

मान न वळवता त्यानं विचारलं,

"मग मागनं कोण वरडतंय?"

 बॅटरी वर करायचं आकारामांना धाडस झालं नाही.

"कृष्णात," शेवटी ते म्हणाले. "मी हितं हाय. मागं."

 फक्त झाडांचं पाणी. टप… टप…

मग बेला कण्हली. एकदाच. लांब गेलेल्या माणसाच्या मागं कुत्रं कण्हतं, तशी.

"सुटलं," कृष्णात म्हणाला. "मनगाट सुटलं, वस्ताद."

"आल्या पावलावर पाय ठेवत मागं ये. वळू नगंस. कुत्री उचलून घे."

दोघं वखारीत आले. कृष्णातला ताप चढला होता. आकारामांनी त्याला घोंगडी घातली. आवाज कसा होता, त्यांनी विचारलं. पोर म्हणालं, "आपल्याकडचाच की. मला वाटलं, तुमीच. 'वढू नगंस तिला, तिचं नाक सांगंल ते ऐक,' असं सारखं म्हणत हुता." त्या रात्री आकारामांच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

उजाडल्यावर ते लांब बांबू घेऊन मोरीपाशी गेले. बेला बसली होती तिथून दोन हातांवर, पाचोळ्याखाली, चरबी फासलेला गोळा. रानडुकरासाठी कुणा चोरट्या शिकाऱ्यानं अंधार पडल्यावर लावलेला गावठी बॉम्ब. कुत्रीनं तोंड लावलं असतं, नाहीतर कृष्णातचा बूट पडला असता, तर काय उरलं असतं ते तुम्हीच समजा.

कृष्णात पास झाला. गुरुवारी गेला, दोन वर्षांनी धडधाकट परत आला. आणि आकाराम त्याच गुरुवारी एस.टी.नं आजऱ्याला उतरले, तिथून चालत वाडीला गेले. धोंडुबाई तांदूळ निवडत बसली होती. ते खाली जमिनीवर बसले आणि म्हणाले, "मावशी, त्या दिवशी मी खोटं बोललो. पोराचं काय चुकलं न्हाय. मी त्याला चुकीचं शिकवलं हुतं."

 म्हातारी उठून आत गेली, तांब्याभर पाणी आणून तिनं त्यांच्यासमोर ठेवलं.

सगळं सांगितलं त्यांनी तिला. आवाज सांगितला, मनगट सांगितलं, बॉम्ब सांगितला. एक गोष्ट मात्र तिला सांगितली नाही. मला सांगितली, तीही मरायच्या आदल्या वर्षी.

त्या सकाळी मोरीवरून परतताना त्यांनी रस्ता पाहिला होता. रात्रभर पाऊस नव्हता, लाल चिखलात सगळं स्वच्छ उमटलेलं. उजव्या कडेला त्यांचे स्वतःचे ठसे. मग कृष्णातच्या बुटांचे. मधे बेलाचे. आणि बेलाच्या डावीकडं आणखी एका लष्करी बुटाचे ठसे, आंब्यापासून थेट मोरीपर्यंत. परत फिरलेले नाहीत. काठी टेकल्याची खूण नाही.

सगळे डाव्या पायाचे.

उजव्याचा एकही नाही…