सात नंबरचा गर्डर

सकाळच्या पाळीत कारखान्याच्या शेडमधला सात नंबरचा गर्डर क्रेनसकट खाली आला. क्रेनवाल्याचे दोन्ही पाय मोडले, त्याला बेशुद्धच इस्पितळात नेलं. दुपारी तपासनीसबाई पोचल्या तोवर ठपकाही त्याच्यावरच ठेवून झाला होता. आता त्याची नोकरीही जाणार होती. त्याची बायको इस्पितळातून येऊन फाटकाशी बसून होती.

अशा शेडी बघून बघून बाईंचा जीव विटला होता. पडझड नवी, सारवासारव तीच!

“जास्त वजन उचललं त्यानं,” मॅनेजर म्हणाला. “गर्डर ठणठणीत होता. सहा महिन्यांपूर्वी तुमच्याच ऑफिसातल्या पोरीनं कंपन मोजलंय. फक्त सातचं. तक्रार सातचीच होती.”

“कोणी केली होती?”

“क्रेनवाल्यानंच. हादरतो म्हणे.”

बाईंनी रिपोर्ट उघडला. हातोडीच्या ठोक्याला सेकंदाला १८.४ कंपनं. तडा गेला की गर्डर ढिला पडतो, आकडा उतरतो. हा आकडा धडधाकट होता.

“गर्डरांवरचे नंबर कधी रंगवलेत?”

“दोन वर्षं झाली. त्यानंतर ब्रश लागलेला नाही.”

बाईंनी आधी खाली पडलेला सात निरखला. सातच्या तड्याच्या कडा जुन्या गंजानं काळवंडल्या होत्या. मग कुरकुरत्या गुडघ्यांनी त्या शिडी चढल्या. वर शेजारच्या सहावर, नंबरच्या रंगाखाली, बोटाला काहीतरी लागलं. नखानं खरवडलं. मेण! तिथंच कंपन मोजायचं यंत्र चिकटवून त्यांनी हातोडी मारली. आकडा वाचून त्यांनी तो रिपोर्टातल्या आकड्याशेजारी लिहिला.

खाली येऊन त्या म्हणाल्या, “आमची पोरगी यंत्र मेणानं चिकटवते, नेहमी नंबरला खेटून. सातवर मेणाचा टिपूस नाही. सहावर आहे, आणि त्यावर रंग आहे. मेण सहा महिन्यांचं, मग रंग दोन वर्षांचा कसा? सहाचं कंपन आत्ता १८.४ आलं. ती यायच्या आधी तुम्ही सहावर सात लिहिलंत, सातवर सहा. ती गेल्यावर पुन्हा होतं तसं.”

मॅनेजर खुर्चीत खचला. “शेड महिनाभर बंद ठेवावी लागली असती, बाई. वरून तंबी होती.”

“आणि वर त्या बिचाऱ्याचं नाव पुढं केलंत! आता पोलिसांना सांगा.”

फाटकाशी बाईंनी क्रेनवाल्याच्या बायकोला सगळं सांगितलं.

“रोज म्हणायचे, सात हलतोय. मीच म्हणायचे, तपासून झालंय ना, मग जा गुपचूप कामाला.”

बाई म्हणाल्या, “चूक तुझी नाही गं. त्यांचीही नाही.”

“मग तसं लिहून द्या. शुद्धीवर आले की आधी तेच विचारतील.”

बाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि गुडघ्यावर कागद ठेवून लिहू लागल्या.