पांढरीतलं पेव

साखऱ्याच्या शिवारात, व्यंकटरावांच्या रानात पांढरीचं टेकाड आहे. कोण्या काळी तिथं गाव नांदलं आणि उठून गेलं, त्याची ही पांढरी माती. धाबं गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात बाया इथून पाट्या भरून माती नेत. साखऱ्यातली निम्मी घरं याच मातीच्या छताखाली झोपायची. पल्लवी खिल्लारेनंही लहानपणी आईच्या मागं डोक्यावर पाटी घेऊन या वाटा तुडवल्या होत्या. पुढं ती शिकली, जुनी गावं खणून काढायचं शास्त्र शिकली, आणि फिरून फिरून याच टेकाडाची परवानगी घेऊन आली. गावाला याची भारी गंमत वाटे. "लहानपणी फुकट न्यायची, आता पगार घेऊन नेऊन राहिली," असं व्यंकटराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि तिच्यासाठी रोज ताकाचा तांब्याही आणत.

टेकाडाच्या पोटात दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव निघालं. विटांची घरं, फरसबंद अंगणं, सांडपाण्याच्या नळ्यासुद्धा. पण पल्लवीला एक गोष्ट रात्रंदिवस खटकत होती. इथं कुणी मेलेलं नव्हतं. हाड नाही, जळिताची राख नाही, पुराचा गाळ नाही. चुलीवर भांडं तसंच चढवलेलं, पाट्यावर वरवंटा तसाच आडवा. माणूस कायमचं घर सोडून निघाला, तर निदान चुलीवरचं भांडं तरी उतरवतो. एवढं मोठं नांदतं गाव भरदिवसा कुठं गेलं असेल?

आणि प्रत्येक घरात एक पेव होतं. पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. वर जेमतेम माणूस मावेल एवढं तोंड, खाली रांजणासारखं पोट. बाकीची पेवं खचून गेली होती. हे एकच धड निघालं, तोंडावर दगडी झाकण बसवलेलं.

त्या दिवशी सेनगावचा बाजार होता. मजूर बाजाराला गेलेले, आणि परवानगी तर संपत आलेली. म्हणून पल्लवीनं आपल्या भावाला बोलावून घेतलं. सुरज वारंगा फाट्यावर गॅरेजात काम करायचा. पुढच्या महिन्यात त्याचं करुणाशी लग्न होतं, पण बहिणीनं हाक मारल्यावर तो नाही म्हणणारा नव्हता. सकाळी त्यानं पहारीनं झाकण उचकटलं. दगड उलटा पडला आणि पल्लवी वाकून बघतच राहिली.

झाकण ज्या मातीनं लिंपून बसवलं होतं, ती माती दगडाच्या खालच्या अंगाला होती. तिच्यावर सारवणाचे फराटे दिसत होते.

"आतून लिंपलंय," ती म्हणाली.

"मंग लिंपणारा गेला कुठं?" सुरज हसला.

"तेच बघायचंय." माती ओली, ढेकळानं माखलेली होती. वाळली की ब्रश मारू म्हणून तिनं दगड उन्हात ठेवून दिला. सुरज मोटारसायकल काढून सेनगावला गेला आणि नायलॉनचा नवाकोरा नारिंगी दोर घेऊन आला. तोवर सोजराबाई, त्यांची आई, भाकरीचं गाठोडं घेऊन टेकाडावर पोचली होती.

पेवाच्या तोंडातून वास येत होता. कुबट, आंबलेल्या धान्याचा असता तर पल्लवीला काही वाटलं नसतं. हा ताज्या शेणानं सारवलेल्या जमिनीचा वास होता.

"आधी दिवा सोडा," व्यंकटराव म्हणाले. त्यांच्या घरी पूर्वी पेव होतं. "पेवात वाईट हवा साचती. दिवा इझला तर कुणी उतरायचं न्हाई. माझ्या चुलत्याला आमी असंच गमावलं."

सोजराबाईनं पितळी दिव्यात करडईचं तेल काठोकाठ घातलं. दिवा बादलीत ठेवून सुरजनं खाली सोडला. बादली टेकली. व्यंकटरावांनी तेवढ्यात पेलाभर ताक पिऊन घेतलं, मिशा पुसल्या, आणि म्हणाले, "काढा वर."

दिवा जळत होता. ज्योत हललीसुद्धा नव्हती.

"हवा बराबर हाय," व्यंकटराव म्हणाले आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सोजराबाईनं दिवा उचलून बाजूला नेला आणि बाटलीतून त्यात काहीतरी ओतलं. तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

पल्लवी कमरेला दोर बांधायला निघाली, तर सुरजनं तो तिच्या हातातून काढून घेतला. "ताई, तू कागदं सांभाळ. आत अडकलीस तर तुझ्या साहेबाला इंग्रजीत कोण कळवील?" त्यानं कमरेला गाठ मारली. गेल्या वर्षी कडबाकुट्टीत त्याच्या उजव्या हाताची तर्जनी अर्धी गेली होती, पण गाठ मात्र अजून पक्की मारायचा.

"लग्न तोंडावर आलं अन् नवरदेव भोकात शिरून राहिला," सोजराबाई करवादली.

"तिथं कुणी भेटलं तर पत्रिका देतो की," तो म्हणाला, मोटारसायकलची किल्ली खिशात टाकली आणि पाय आत सोडले.

आता हाक कुणी मारायची ते ठरवायचं होतं. पेवात उतरलेल्या माणसाला वरून नावानं हाका मारत राहायचं आणि खालच्यानं ओ देत राहायचं, ही जुनी रीत. ओ थांबली की दोर ओढायचा. "हाक घरच्याच माणसानं मारायची," व्यंकटराव म्हणाले. "अर्धवट शुद्धीत बी मायचा आवाज वळखू येतो." सोजराबाई पदर खोचून काठाशी बसली.

"सुरज!"

"ओ!" खणखणीत.

"काय दिसतंय?" पल्लवीनं विचारलं.

"धान्य न्हाई ताई. रिकामं हाय. पर इथं उजेड हाय."

"उजेड कुठून?"

"बाजूनं वाट हाय. तिकडून." आवाज जरा लांब गेला. "ताई, तिकडं खळं चाललंय. बाया गाणं म्हणून राहिल्या. शब्द न्हाई समजत."

पल्लवीनं मान वर करून चौफेर पाहिलं. टेकाडाच्या चहूबाजूंनी हळदीची काढलेली रानं होती. माणूस तर सोडाच, बैलसुद्धा दिसत नव्हता.

"दोर सोडू नको. परत फीर."

"आलोच," तो म्हणाला. घरातून बाहेर पडताना म्हणायचा तसंच.

"सुरज!" सोजराबाईनं हाक दिली.

थोडं थांबून उत्तर आलं. "ओ." आवाज घोगरा होता, पडसं झाल्यासारखा.

"सुरज!"

"ओ, माय." आता आवाज भरदार, जडसर. सुरजचाच, पण गॅरेजातल्या पोराचा नव्हे, घरच्या कर्त्या पुरुषाचा.

सोजराबाईनं मागं वळून लेकीकडं पाहिलं. "पल्ले, ह्याचा आवाज असा काहून येऊन राहिला?"

"आत घुमत असेल." पल्लवीला स्वतःचंच बोलणं पटलं नाही.

"अन् दिव्याचं बी काय कळंना. मी मघाशी परत तेल घातलं त्यात."

"परत काहून?"

"आटलं व्हतं की समदं. वर आला तवा नुसती वात जळून राहिली व्हती. म्हणलं, सांडलं आसंल."

पल्लवीनं बादली ओढून घेतली, आत हात फिरवला. बादली कोरडी होती. तेलाचा थेंब नाही, डागही नाही. काठोकाठ भरलेला तो दिवा रात्रभर पुरला असता. व्यंकटरावांचं ताक पिऊन होईपर्यंत तो खाली होता.

हवा बरोबर होती. त्या सगळ्यांनी ज्योत पाहिली होती, तेल कुणीच पाहिलं नव्हतं.

पेलाभर ताकात एक रात्र. मग सुरज उतरून किती वेळ झाला? ती मनात हिशेब मांडायला लागली, पण हिशेब जुळेना. रात्र कधीच मागं पडली असणार. आवाज तर वर्षांच्या मापानं बदलत होता. सुरज जितका आत गेला, तितका काळ तिथं भरधाव असेल, तर?

"ओढा!" ती ओरडली. "दोर ओढा!"

दोर सहज वर आला. त्याला वजनच नव्हतं. सुरुवातीचे काही हात नारिंगी होते, पुढचे फिके, मग पांढरे पडलेले. शेवटच्या टोकाला हात लावताच धागे भुसा होऊन गळाले. टोकाशी एक किल्ली बांधलेली होती, मोटारसायकलची. तिचे दात झिजून गुळगुळीत झाले होते. कुणीतरी वर्षानुवर्षं गळ्यात घालून वागवलेला ताईत असतो ना, तशी.

पल्लवी धावत लिंबाखाली गेली. सुरजची मोटारसायकल तिथं उभी होती. तिनं सायलेन्सरला बोट लावलं आणि चटका बसून मागं घेतलं.

ती परत आली तेव्हा सोजराबाईची हाक चालूच होती.

"सुरज! आरं सुरज!"

मग खालून कुणीतरी खोकलं.

"ओ."

म्हाताऱ्या माणसाचा आवाज.

सोजराबाईचा हात तोंडावर गेला. "ह्यो तर माझ्या बापाचा आवाज हाय," ती पुटपुटली. तिचा बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"सुरज, दोर सोडतेय!" पल्लवी ओणवी होऊन ओरडली. "धर आणि वर ये!"

"न्हाई जमत ताई. गुडघे गेले." शब्द सावकाश येत होते, एकेक आठवून काढल्यासारखे. "तू उतरू नको. इथले समदे असंच एकामागं एक आले. कुणाला बघाया म्हणून उतरले, अन् ऱ्हायले." पुन्हा खोकला. "मी तोंड लिंपून घेतो आतून. म्हंजे तुला घावायचं न्हाई."

पल्लवी उठली. उन्हात ठेवलेला दगड एव्हाना वाळला होता. तिनं ब्रश घेतला. ढेकळं भुरभुरून पडली, मातीवरचे फराटे उघडे झाले.

तीन बोटं लांब ओढलेली. चौथं, अंगठ्याशेजारचं, अर्धं.

त्यानं लिंपलं होतं. तिला सापडू नये म्हणून, नीट, कडेपर्यंत. आणि आज सकाळी तिच्या सांगण्यावरून त्यानंच पहार लावून ते उचकटलं होतं.

तिला रडू फुटलं, पण थांबायला वेळ नव्हता. इथला प्रत्येक श्वास तिकडं त्याच्या आयुष्यातून कापला जात होता. दोराचं चांगलं टोक अजून होतं. तिनं ते कमरेभोवती घेतलं.

"काय करून राहिल्या तुमी, बाई!" व्यंकटराव घाबरून म्हणाले.

"दुसरं टोक लिंबाला बांधा, काका."

"आवं, तो काय म्हणला ऐकलं न्हाई का?"

"ऐकलं. तिथं वाटेपर्यंतच जाते. हाताला धरून आणते."

व्यंकटरावांनी दोर हातात घेतला, पण बांधेनात. सोजराबाई पेवावर वाकलेली होती. मागं काय चाललंय ते तिनं पाहिलं नव्हतं, पण आईला पाठीलाही डोळे असतात. तिनं मान न वळवता, रागानं, लहानपणी पल्लवी माती घेऊन मागं रेंगाळली की मारायची तशी हाक मारली.

"पल्ले!"

"ओ, माय."

उत्तर लगेच आलं. बाईचा आवाज, थकलेला, म्हातारा.

"हां," सारं चित्त सुरजकडं लागलेल्या सोजराबाईचं तेवढ्यानं समाधान झालं. "हाय तिथंच थांब, बाई." आणि तिनं पुन्हा सुरजला हाक घातली.

व्यंकटराव पल्लवीच्या तोंडाकडं बघत होते. तिचे ओठ मिटलेले होते. उत्तर पेवातून आलं होतं.

तिच्या कमरेची गाठ अजून अर्धीच बांधून झाली होती.