न्हाणीघराचं दार

मी तिथे नव्हतो, हे आधीच सांगतो. पाहिलं ते माझ्या भाचीने. ती परिचारिका आहे आणि ऐकीव गोष्टींना भीक घालत नाही. म्हणून तर हे सांगायचं धाडस करतोय. हसू नकोस रे! उद्यापासून तिथल्या रात्रपाळीला तूच एकटा असणार आहेस.

स्मृती हरवलेल्या वृद्धांचं ते निवासी केंद्र. तिथे एक आजोबा होते. एरवी गरीब गाय. पण न्हाणीघरात नेलं की मारायचे, चावायचे. एका सेवकाच्या मनगटाला टाके पडले. प्रत्येक प्रसंगाची रीतसर नोंद व्हायची : आधी काय घडलं, आजोबांनी काय केलं, नंतर काय झालं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दर वेळी एकच : ‘काही नाही.’ अखेर डॉक्टरांनी ठरवलं, शुक्रवारपासून गुंगीच्या गोळ्या वाढवायच्या. आधीच्याच मात्रेने आजोबा दोनदा पडले होते. मुलगा कळवळून म्हणाला, “आता वाढवल्यात तर बाबा अंथरुणातून उठायचे नाहीत.” पण सेवकांनाही जीव होताच ना!

डिसेंबरातला दुसरा गुरुवार. रात्रीचे दोन वाजून गेले होते. आजोबांनी अंथरूण ओलं केलं होतं. त्यांना न्हाणीघरात नेणं भागच होतं.

“सिस्टर, बोटं मोजून घ्या,” सोबतचा सेवक म्हणाला. “परतताना पुन्हा मोजू.”

“तू चादर बदल. मी नेते.”

भाचीने एक ताडलं होतं. नोंदी खोट्या नव्हत्या, अपुऱ्या होत्या. आजोबा पाण्याला भीत नव्हते. कुणी हात लावला म्हणूनही चिडत नव्हते. दार बंद झालं की बिथरत. दार लावणं ही कुणाला घटनाच वाटली नव्हती.

तिने दार उघडं ठेवलं.

आजोबा स्टुलावर बसले. मुकाट्याने अंगावर पाणी घालू दिलं, साबण लावू दिला. मग दाराकडे पाहत म्हणाले, “ये ना. बाहेर का उभी?”

“कोण, आजोबा?”



ते जरासे सरकले. कुणाला वाट द्यावी, तसे. मान खाली घातली. डोळे मिटले.

भाची टॉवेल घ्यायला वळली. खुंटी हाताच्या अंतरावर. मागे आवाज नाही… पाऊल नाही…

ती परत वळली.

आजोबा हसत होते.

सकाळी डॉक्टरांनी तिची नोंद वाचली. गोळ्या वाढल्या नाहीत. दार उघडं ठेवून पडदा लावायचा, एवढीच सूचना निघाली. त्यानंतर आजोबा कुणाला चावलेले नाहीत. इथवर सगळं शास्त्राला धरून आहे.

दुपारी मुलगा आला. वडिलांना पाहून उंबऱ्यातच थबकला.

“सिस्टर, हा भांग तुम्ही पाडलात?”

“नाही. मी वळले, तेव्हा होता.”

“उजवीकडून… आई पाडायची असा. ती गेल्यापासून कुणी…”



आजोबांचे दोन्ही खांदे आखडलेले आहेत. हात कानापर्यंतही जात नाही. न्हाणीघरात कंगवा नव्हता. त्यांचा कंगवा खोलीतल्या कपाटात होता, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली भाचीच्या खिशात होती. त्यांना निजवल्याबरोबर, त्याच रात्री, तिने कपाट उघडून पाहिलं.

कंगवा ओला होता.