दावं न सोडलेली जीप

बैल विकला तरी त्याचं दावं द्यायचं नसतं, हे पेणच्या खाडीकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जुन्या मालकाचं दावं त्याच्याच घरी राहतं, घेणारा आपलं नवं घेऊन येतो. पण जीप म्हणजे काय बैल आहे? वडखळजवळच्या खारपट्टीतल्या कमळाकरला तसंच वाटलं आणि तिथंच गडी चुकला.

ब्याण्णव-त्र्याण्णव सालची ही गोष्ट. रोह्याच्या अलीकडं एका वाडीत केरू नावाच्या माणसाची जुनी लष्करी जीप होती. केरू वारल्यावर तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. कमळाकर ती घ्यायला गेला, तेव्हा केरूची बायको, म्हातारी कृष्णाबाई, जीपच्या पुढच्या हुकाला बांधलेला काथ्याचा दोर सोडायला बसली.

"दावं तेवढं काढून घेते."

"राहू द्या मावशी. कुठं रुतली तर ओढायला होईल."

"बघ बाबा," एवढंच ती बोलली आणि उठली.

गाव हसलं, भंगार आणलं म्हणालं. पण कमळाकरनं ती जीप मिरवायला घेतली नव्हती. त्याच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत नुसता मातीचा बांध. आदल्या वर्षी कळा सुरू झालेल्या अनिताला, त्याच्या बायकोला, घेऊन निघालेली रिक्षा त्याच बांधावर रुतली आणि बाळ हाती लागलं नाही. आता अनिता पुन्हा पोटुशी होती. या खेपेला चिखल तुडवत जाणारी गाडी दारात हवी, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

रामवाडीतल्या मोरू मिस्त्रीकडून सामान आणायचं आणि अंगणात जीपखाली उताणं पडून जोडत बसायचं. कोपरापर्यंत काळे हात, मातीत घासलेली पाठ; पण गडी असा सुखात की जेवायला हाका माराव्या लागत. एक मात्र विचित्र व्हायचं. संध्याकाळी जीव खाऊनही न हललेला नट सकाळी सैल झालेला असायचा. कार्बोरेटर कुणीतरी पुसून लख्ख ठेवलेला. आणि बॉनेट उघडलं की विडीचा वास. कमळाकर विडी ओढत नव्हता. त्याला आपलं बरंच वाटायचं, फुकटचा हातभार! अनिताच्या मात्र अंगावर काटा यायचा.

"अवो, ज्याचं दावं त्याला देऊन या... माझ्या पोटात पोर हाय."

कमळाकरनं दोर नेऊन दिला. कृष्णाबाईनं तो घरातल्या खुंटीला टांगला आणि त्याला चहा पाजला. त्या दिवसापासून वास गेला. नट हट्टाला पेटले, पण त्यानं एकट्यानं घाम गाळून जीप उभी केली. इंजिन पहिल्यांदा घुरघुरलं तेव्हा त्याला चक्क रडू आलं.

भाद्रपदात, ऐन उधाणाच्या भरतीला, तिन्हीसांजेला अनिताच्या कळा सुरू झाल्या. जीप बांधावर चढली. आणि गेल्या वर्षी रिक्षा रुतली होती नेमकं तिथंच इंजिन बंद पडलं. स्टार्टर नुसता कट् करून गप्प. दोन्ही बाजूंना पाणी चढत असल्याची बारीक चुळचूळ, कुजक्या शेवाळाचा वास आणि अनिताचं कण्हणं. कमळाकरनं सीटखालचं हँडल ओढून काढलं. आता उतरायचं आणि पुढून फिरवून बघायचं, दुसरा इलाज नव्हता. तेवढ्यात अनितानं त्याचा दंड घट्ट धरला.

"उतरू नका... पुढं कोण हाय?"

बॉनेटपलीकडं एक माणूस मान खाली घालून वाकला होता. त्याची पाठ वर येत होती, खाली जात होती. हँडल मारणाऱ्याची होते तशीच. आणि हँडल तर कमळाकरच्या हातात होतं.

जीप हादरली. इंजिन सुरू झालं. कमळाकरनं देवाचं नाव घेऊन गिअर टाकला. चाकांना वाटेत काहीच आडवं आलं नाही.

पेणच्या दवाखान्यात मुलगी झाली, चांगली धडधाकट. कमळाकरनं सगळ्या आळीला पेढे वाटले. बारशाला तो जीप घेऊन गेला आणि कृष्णाबाईला मानानं घेऊन आला. अनितानं पोर तिच्या मांडीवर ठेवली आणि तिच्या पाया पडली.

"मावशी, तुमच्या मालकांनी वाचवली हिला."

"स्वतः हँडल मारलं त्यांनी," कमळाकर म्हणाला. "आम्ही दोघांनी बघितलं."

पोरीला थोपटणारा कृष्णाबाईचा हात थांबला.

"हँडल? ह्यांना वाकता कुठं येत होतं? झाडावरनं पडल्यापासून पाठ ताठ झालेली. हँडल तर मीच मारायची. अन् ह्यांचं दावं माझ्या घरात खुंटीला हाय."

घरात बायकांचं पाळणा म्हणणं चालू होतं. कृष्णाबाई जरा पुढं सरकली.

"तोंड बघितलंस काय गो त्याचं?"

"नाय... मान खालीच होती."

"असला बांधावरचा ज्या पोटुशीकडं बघतो, तिचं पोर हाती लागत नाय. वर नाय ना बघितलं त्यानं? तुझ्याकडं?"

"नाय."

कृष्णाबाईनं पोरीला उचलून छातीशी धरलं.

"बरं झालं," ती म्हणाली.