तिरका ळ

साल त्र्याण्णव. पूर्णेच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तो शिरला तेव्हा बाहेर श्रावणातली सर कोसळत होती. तिथं शिकवणाऱ्या रुख्मिणीच्या नजरेत आधी भरली ती त्याची फ्लॉपी, भिजू नये म्हणून शर्टात लपवलेली. डोळे नंतर दिसले. खोटं कशाला बोला, तेही बरे होते.

"मी सूर्यभान. मूळचा बोरीचा, आता पुण्याच्या कंपनीत. कॉम्प्युटरवर मराठी कशी लिहायची ते दाखवायला आलोय, मॅडम."

पडद्यावर अक्षरं उमटली. रुख्मिणी पुढं वाकली... ळ जरा डावीकडं कललेला होता. ठिपक्याला ठिपका जोडून तिनंच काढलेला, चुकलेला, तसाच राहिलेला. हा प्रोग्राम तिनं मागेल त्याला फुकट दिला होता. अट एकच, सुरुवातीलाच लिहिलेली: घ्या, सुधारा, पण पुढं मागेल त्याला असाच द्या. ती ओळ आता गायब होती. तिथं कंपनीचं नाव होतं, आणि नक्कल करता येऊ नये म्हणून वर कुलूप.

"हे माझं हाय," ती म्हणाली. "आन् तुमी विकायलात?"

तो गोरामोरा झाला. "साहेबांनी दिलं... कुलूप मीच घातलं. कुणाचं हाय ते विचारलं न्हाई."

"शेजारणीकडून विरजण आणायचं, आन् दुसरी मागायला आली की दार लावायचं?"

तो फ्लॉपी काढायला लागला. तिनं हात आडवा घातला.

"कुलूप काढा. न्हाईतर मी गावोगाव फुकट वाटत फिरते. ताडकळसची हाय मी, बोलले की बोलले."

"लय तापट हाव तुमी," तो हळूच म्हणाला.

"आन् तुमी लय बघायलात."

तो गेला. रुख्मिणीनं खरंच वाटायला घेतलं. सुट्टी आली की पिशवीत फ्लॉप्या घालून बस धरायची. राग काही उतरत नव्हता, आणि रागाबरोबर आठवणही यायची – मेल्याची.

दिवाळी उलटली, आणि तो पुन्हा दारात.

"साहेब कुलूप काढीनात. मग मीच निघालो."

"नोकरी सोडली?"

"सोडली." त्यानं फ्लॉपी पुढं केली. "ह्यात जोडाक्षरं नीट केलीत. तुमच्या अटीनं... सगळ्यांसाठी."

तिनं फ्लॉपी लावली. पहिल्या ओळीत तिचं नाव, तिची अट. जोडाक्षरं देखणी. ळ मात्र तिरकाच.

"एवढं केलं, आन् ह्याला तसाच सोडला? सुधारायची मुभा होती की."

"होती. पण एकदा न विचारता तुमच्या कामाला हात लावला. आता विचारल्याबिगर न्हाई."

रुख्मिणीचे गाल तापले. तिनं नजर पडद्यावरून काढलीच नाही.

"मग... विचारा की."

त्यानं विचारलं. ळबद्दल नव्हे.

"हो," ती म्हणाली. "पण उद्या जिंतूरला फ्लॉप्या पोचवायच्यात. पहिली बस चुकवायची न्हाई."