अठराव्या नावाची घंटा

आमच्या तळ्याकाठच्या देवळात मार्गशीर्षात कीर्तनसप्ताह असतो. मी बुवांच्या मागे झांज धरून उभा असतो, गेली एकवीस वर्षं. गळा मला नाही, पण ताल चुकत नाही. उभी नोकरी टेलिफोन खात्यात केबलचे फॉल्ट शोधण्यात गेली. जमिनीखाली तार कुठे तुटली असेल ते वर उभं राहून सांगायचं, हे माझं काम. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला भाबडा समजणार नाही. देव मी मानतो. बाकी काही मानत नव्हतो.

मागच्या वर्षी बुवांनी शिरढोणच्या क्रांतिवीर फडक्यांचं आख्यान लावलं होतं. ऐन रंगात आले आणि चिपळ्या थांबवून म्हणाले, "मंडळी, हे नाव तुम्हाला पाठ आहे. छान. आता आपल्या पनवेल तालुक्यातून लढाईत कामी आलेल्या जवानांची पाच नावं सांगा बघू."

मंडपात दोनशे माणसं होती. एकाचंही तोंड उघडलं नाही.

मला ते फार लागलं. घरी येऊन सुनेला सांगितलं. आभा सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणाली, "बाबा, नावं तुम्ही गोळा करा, ॲप मी बनवते." आणि खरंच बनवलं तिनं. रोज सकाळी अकरा वाजता सगळ्या जवानांची नावं एकामागून एक फोनवर यायची, प्रत्येकाखाली घंटेचं चित्र. चित्राला बोट लावलं की एक टोल. टोल आमच्या देवळातल्याच घंटेचा, मी स्वतः रेकॉर्ड केलेला. कोणी कुठून घंटा वाजवली ते नकाशावर पिवळ्या ठिपक्यानं दिसायचं. खारघर, कामोठे, तळोजा, सगळीकडून ठिपके उजळायला लागले तेव्हा, खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले.

गावोगाव हिंडून सतरा नावं मिळाली होती. अठरावं ओवे गावचं. गणू घरत, एकाहत्तरच्या लढाईत गेलेला. मला त्याच्या पुतण्यानं सरकारी पत्राचा फोटो पाठवला. पत्रात 'बेपत्ता' असं लिहिलं होतं, तारीख अकरा डिसेंबर.

"बाबा, मृत्यूची तारीख टाकल्याशिवाय नाव सेव्ह होत नाही," आभा म्हणाली.

"मग पत्रातली टाक. चोपन्न वर्षं झाली, अजून काय बेपत्ता असणार तो!"

इतकं सहज बोललो मी. दहा डिसेंबरला नाव चढलं, अकराला पहिल्यांदा वाजलं. त्याच दुपारी एक बाई रिक्षानं देवळात आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"घंटावाले भाऊ तुमीच का?"

"हो. आपण?"

"मी ठकूबाय. गणूची बायको." त्या पायरीवर टेकल्या. "माज्या कपालाकडं बगा नि मग सांगा, तुमी त्याला मेलेल्यांत कसा घातला?"

मी हातातली झांज खाली ठेवली.

"सासऱ्यानं सुतक धरलं नाय. दिवस घातलं नाय. हलदीकुंकवाला बाया मला बोलवत आल्या, कोनी नाय म्हनली नाय. आनि तुमी फोनात घंटा वाजवताव. ते नाव काडा."

ज्यांच्या घरात सुतक नाही, त्यांना मी सुतकात बसवलं होतं. मी हात जोडले. म्हटलं, काढतो. पण माजी सैनिक संघटनेचे अध्यक्ष प्रभाकरराव शेजारीच उभे होते. सोळा तारखेला, विजय दिवसाला, देवळासमोर मोठा कार्यक्रम होता. "अठरा नावांचा बॅनर छापून आलाय," ते म्हणाले. "सोळापर्यंत राहू द्या, आजी. मग काढू."

"सोलापातूर मी काय करू?" त्यांनी विचारलं. "रोज कुकू लावू का नको?"

प्रभाकरराव मांडवाकडे वळले. मी खाली बघितलं. त्या उठल्या, घंटेला हात न लावता निघून गेल्या.

त्या रात्री जेवताना आभानं फोन पुढे केला. "बाबा, हे बघा. गणू घरतच्या नावाला एक ठिपका जास्तीचा आहे."

न्हावा शेवा बंदराच्या पुढे, भर समुद्रात.

"बोटीवरचा कोणी खलाशी असेल."

"खलाशी असला तरी नंबर दिसायला हवा. इथे नंबर नाही, खातं नाही. नुसता ठिपका."

बारा तारखेला तो बंदराच्या रस्त्यावर होता, कंटेनर रचून ठेवतात तिथे. तेरा तारखेला पळस्प्याच्या अलीकडे. बाकीच्या सतरा नावांना तो कधीच आला नाही. मी कागदावर खुणा करत गेलो, जुन्या सवयीनं. फॉल्ट असा सरळ रेषेत पुढे सरकत नाही. रोज साधारण माणूस चालेल इतकंच अंतर. अंदाज काढला, तर चौदाला तो आमच्या तळ्यावर यायला हवा होता.

चौदाला पावणेअकरालाच मी तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. ऊन छान पडलं होतं. एक बाई कपडे धूत होती, पलीकडे दोघं गळ टाकून बसले होते. मांडवातून टाळांचा आवाज येत होता. अकरा वाजले. एकेक नाव येऊन गेलं. अठरावं आलं. मी मुद्दाम घंटेला बोट लावलं नाही.

ठिपका उजळला. मी बसलो होतो त्याच पायरीवर.

आणि टोल पडला. फोनमधून नाही. माझ्या डाव्या खांद्याजवळ, हातभर अंतरावर. कीर्तनाचा मांडव दुसऱ्या बाजूला होता.

कपडे धुणाऱ्या बाईचा हात वरच्या वर राहिला. तिनं माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी बघितलं.

"कोन गेलं हो?" तिनं विचारलं.

त्या संध्याकाळी कीर्तनात, एकवीस वर्षांत पहिल्यांदा, माझा ताल चुकला. बुवांनी वळून बघितलं.

पंधराला ठिपका ओव्याच्या वेशीवर होता. ठकूबाईंचं घर तिथून चौथं.

रात्रभर मला त्यांचा प्रश्न ऐकू येत राहिला. कुंकू लावू का नको? सोळाच्या सकाळी बॅनर लागला, खुर्च्या मांडल्या गेल्या. साडेदहाला मी आभाला बाजूला घेतलं. "ते नाव काढ. आत्ताच्या आत्ता."

"प्रभाकरकाका चिडतील."

"चिडू देत. चूक माझी आहे."

तिनं काढलं. अकराला सतरा नावं आली, सतरा टोल पडले. जास्तीचा ठिपका नव्हता. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. म्हटलं, ही बातमी आपणच जाऊन द्यावी. भाषणं सुरू असतानाच रिक्षा पकडली.

वेशीपाशी उतरून चालत निघालो. सगळं गाव कामाला गेलेलं. ठकूबाई दारातच उभ्या होत्या. नवंकोरं लुगडं, ताजं कुंकू, एका हातात पाण्याचा लोटा, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. लांबच्या गावाहून घरचं माणूस परत आलं की ओवाळून टाकायला धरतात, तसा.

"ठकूबाई, काढलं हो नाव. आता तुम्ही निर्धास्त—"

"तरीच." त्यांचा चेहरा उतरला. "तरीच आज वाजली नाय."

"काय?"

"घंटा. रोज अकराला ऐकते मी. पैली लांब, खाडीपल्याड. मग दर दिवशी जवल. काल वेशीवर वाजली. आज दारात वाजायची व्हती."

"पण तुमच्याकडे फोन कुठे आहे?"

"माज्याकडं कुटला फोन?" त्यांनी रस्त्याकडे बघितलं. "कवापासून उभी हाय मी. तुमी त्याला वेशीवर अडवलंव, भाऊ."

मी वेशीकडे बघितलं. तिथे एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध उभं होतं. भुंकत नव्हतं. शेपूट हळूहळू हलवत होतं.

"परत घाला," त्या म्हणाल्या.

"ठकूबाई, नाव घातलं की मेलेल्यांत जातं. तुम्हीच म्हणाला होता."

"ठावं हाय मला."

मी आभाला फोन लावला. मागून भाषणाचा आवाज येत होता. "नाव परत टाक," म्हटलं. "कारण विचारू नकोस."

"टाकते. तारीख तीच ना? अकरा डिसेंबर एकाहत्तर?"

मी फोन कानापासून दूर केला. "तारीख कोणती घालू?" मी विचारलं.

ठकूबाईंनी हातातला तुकडा नीट धरला.

"आजची."

"आणि कुंकू?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"पुसीन सांजच्याला. आता नाय. तसं कपाल त्यानं बगायचं नाय."

मी आभाला तारीख सांगितली. पलीकडून बटणाचा बारीक आवाज आला.

"बाबा, सेव्ह झालं. पण आता उद्या अकरालाच वाजेल."

मी फोन खिशात ठेवला.

टोल पडला.

माझ्या मागे, अंगणात. एकच. त्याची कंपनं दाराच्या चौकटीत उतरली. माझा हात चौकटीवर होता.

वेशीवर आता कुत्रं नव्हतं.

ठकूबाईंनी डोक्यावरून पदर पुढे ओढला. सून सासरी पहिल्यांदा उभी राहते, तशी मान खाली.

"भाऊ," त्या हलकेच म्हणाल्या, "वाट सोडा जरा."

मी भिंतीला टेकलो.

त्यांनी तुकडा तीनदा ओवाळला, डावीकडे टाकला. मग उंबऱ्याबाहेरच्या फरशीवर लोटा ओतला.

पाणी चहूकडे पसरलं. मधली दोन पावलांएवढी जागा तेवढी कोरडी राहिली.