झाकण उघडं होतं का?

हे मी रचून सांगत नाहीये. रचलं असतं तर रात्रीचं रचलं असतं.

पण रात्र माझ्या वाट्याला येतच नाही. रात्री मी ठकीशेजारी ओंडक्यासारखी पडते. जे घडलं ते भर दुपारी घडलं, आमच्या पुढच्या खोलीत, फरशीवर ऊन पडलेलं असताना. ठकीच्या झोपेच्या वेळेत.

लिहितेय तेही त्याच वेळेत. एक हात तिच्या डोक्यावर, दुसऱ्याचा अंगठा फोनवर. मध्येच तुटलं तर समजा, ती उठली.

ठकी म्हणजे माझी लेक. नुकतीच धरून उभी राहायला लागली आहे, आणि धरायला काय मिळेल त्याचा तिला धरबंध नाही.

दादा माझा मोठा भाऊ. आई-बाबा लवकर गेले. त्यानेच मला वाढवलं. शाळेत जाताना माझी वेणीसुद्धा तोच घालायचा, वाकडी. त्याचा पॉवर सप्लाय बनवायचा छोटा कारखाना आहे. त्यात ट्रान्झिस्टर लागतात आणि ते जोडीने लागतात. दोघे अगदी सारखे हवेत. एक राबणारा आणि एक कामचुकार निघाला, की राबणारा जळतो.

"घरातही असंच असतं, वन्सं," वहिनी म्हणायची.

वहिनी म्हणजे दादाची बायको. हे काम मला तिने शिकवलं.

सारखेपणा बघायचं मशीन असतं, कर्व्ह ट्रेसर. छोटा पडदा, खाली बटणं, पुढे दोन खाचा. खाचेत ट्रान्झिस्टरचे तीन पाय बसवायचे आणि व्होल्टेजचं बटण हळूहळू फिरवायचं. पडद्याच्या कोपऱ्यातून हिरव्या रेषा निघतात. आधी सरळ वर, मग वाकून आडव्या. एखाद्याने पंजा पसरावा तशा. प्रत्येक नगाचा पंजा वेगळा. दोन पंजे जुळले की जोडी.

वहिनीने मला दोन गोष्टी पहिल्याच दिवशी सांगितल्या होत्या.

एक. चालू असताना नगाला बोट लावायचं नाही. अंगाच्या उबेने रेषा वर चढतात आणि माप खोटं येतं. "माणसाचा हात लागला की कोणीही फुलतं," ती म्हणायची. "तुझा दादा सोडून."

दुसरी गोष्ट झाकणाची. खाचांवर एक पारदर्शक झाकण असतं. व्होल्टेज मोठ्या पट्टीवर नेलं, की खाचेत शेकडो व्होल्ट येतात, पण झाकण बंद असेल तरच. उघडलं की लाइन तुटते आणि पडदा रिकामा होतो. तसं छोटं बटणच असतं बिजागरीजवळ. "तरी त्याच्यावर विसंबायचं नाही," वहिनी म्हणायची. "आधी व्होल्टेज शून्यावर, मगच झाकण."

कामाला बसण्याआधी ती हातातली अंगठी काढून स्टीलच्या वाटीत टाकायची.

टिंग.

तो आवाज झाला की कारखान्यात सगळ्यांना कळायचं, बाई बसल्या.

त्याच मशीनवर ती गेली. दुपारीच. झाकण उघडं होतं आणि तिची दोन बोटं नगावर होती.

नंतर दादाने सगळ्यांना सांगितलं, तिलाच घाई असायची. झाकण लावा, काढा, याचा तिला कंटाळा. म्हणून झाकणाच्या बटणाला वळसा घालून तिने वायर जोडली होती, झाकण उघडं असलं तरी लाइन चालू राहावी म्हणून. सांगताना तो लहान मुलासारखा रडला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मला पटलं. सांगणारा दादा होता ना.

पुढे ठकी झाली. नवऱ्याची नोकरी बाहेरगावी, घरी येणार आठवड्यातून एकदा. मी घरात एकटी, कपड्यांच्या घड्या घालत आणि पुन्हा घालत. तेव्हा दादाच म्हणाला, मशीन घरी आणून देतो, पोरगी झोपली की बस. मला बरं वाटलं.  तरी मी त्याला वायरचं विचारलं.

तो हसला. ठकी माझ्या कडेवर होती. त्याने तिच्या टाळूवर पंजा ठेवला.

"हिची शपथ. ती वायर मी त्याच दिवशी उपटून फेकली."

मशीन पुढच्या खोलीत बुटक्या टेबलावर ठेवलं. मी खाली सतरंजीवर बसायची, म्हणजे आतल्या खोलीतली ठकीची कूस बदललेलीही ऐकू येई. मशीनबरोबर वाटीही आली होती. रिकामी.

पहिले काही दिवस काहीच नाही.

मग एका दुपारी मी नग लावला, झाकण बंद केलं, मोठ्या पट्टीवर व्होल्टेज चढवलं. पंजा उमटला. मी दुसऱ्या नगाशी ताडून बघत होते…

टिंग.

वाटीकडे पाहिलं. रिकामी.

पुन्हा पडद्याकडे पाहिलं, तर रेषा वर चढत होत्या.

हळूहळू. एकेक करून. कोणीतरी दोन बोटांत नग धरून बसल्यासारख्या.

झाकण बंद होतं. माझे दोन्ही हात मांडीवर होते.

मी खिडकीचा पडदा ओढून ऊन अडवलं. पंखा बंद केला. नग बदलला. तरी तेच. छोट्या पट्टीवर आणलं की रेषा गपगुमान खाली बसत. मोठ्या पट्टीवर नेलं की… चढत.

खरं सांगू? मी घाबरले नाही. ती ऊब मला ओळखीची वाटली. मी हळूच विचारलं, "वहिनी?"

रेषा क्षणभर थांबल्या. मग आणखी वर गेल्या.

त्यानंतर हे रोजचंच झालं. मी तिच्याशी बोलायला लागले. ठकीचा दात, नवऱ्याचा फोन, दूध उतू गेलं, सगळं. घरात कोणीतरी बाईमाणूस आहे असं वाटायचं. मला कळत नव्हतं की ती बोलत बसायला आलेली नाही. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवत होती, आणि मी तिला ठकीच्या दाताचं सांगत होते.

मग नग जळायला लागले. रेषा इतक्या चढत, की पडद्याबाहेर जात आणि नग मरे. दादाचा फोन आला. म्हणाला, बोट लावत असशील. मी म्हटलं, बोट कुठलं लावतेय, रेषा आपोआप चढतात, कोणी धरून बसल्यासारख्या. वहिनीचं नाव मी घेतलं नाही. हसत हसत सांगितलं.



मग त्याने विचारलं, "झाकण उघडं होतं का?"

मी नाही म्हटलं. तो म्हणाला, संध्याकाळी येऊन मशीन नेतो, तोवर हात लावू नकोस. फोन ठेवला.

मी भांडी घासायला घेतली. अर्ध्यात हात थांबला.

झाकण उघडं असताना मोठ्या पट्टीवर रेषा येतीलच कशा? पडदा रिकामा होतो. हे मला ठाऊक होतं, तर दादाला नसेल? वायर उपटून फेकलेला माणूस असं विचारेल कशाला?

मी ओले हात पुसले. कोरडे झाल्याची पुन्हा खात्री केली. ठकी आत झोपलेली बघितली. मशीन चालू केलं, नग लावला, झाकण बंद, मोठी पट्टी, व्होल्टेज वर. पंजा उमटला. मग ठकीचं प्लास्टिकचं लांब दांडीचं खेळणं घेतलं आणि त्याच्या टोकाने झाकण उचललं.

झाकण उघडलं. बिजागरी घट्ट होती, उघडलं की तसंच राहायचं.

पडदा रिकामा झाला नाही.

रेषा तिथेच होत्या. स्वच्छ, हिरव्या.

इतके दिवस मी या खाचेत बोटं घालत होते. वहिनीने लावलेल्या सवयीने आधी व्होल्टेज शून्यावर आणत होते, म्हणून वाचले. एवढंच. कधी ठकी रडली म्हणून धावले असते, कधी एकदा विसरले असते…

मी पडद्याकडे बघत बसले. कानात नुसती शीळ वाजत होती. म्हणून मला ऐकू आलं नाही.

माझ्या कोपराखालून एक हात पुढे आला. छोटा, झोपेने गरम, मुठीवर लाळ लागलेला.

ठकी उठली होती. आवाज न करता. टेबलाला धरून उभी होती आणि तिला ते हिरवं हवं होतं. तिचं बोट खाचेच्या अगदी जवळ…

माझं अंग हललं नाही. आई म्हणवते स्वतःला. हललं नाही.

टिंग.

झाकण खाली आलं.

आपटलं नाही. कोणी हाताने अलगद टेकवावं तसं आलं. ठकीचं बोट झाकणावर आपटलं आणि तिने भोकाड पसरलं.

मी तिला उचललं, भिंतीतला प्लग ओढून काढला. झाकणाकडे पाहिलं. आतल्या बाजूने त्यावर वाफेचे दोन ठसे होते. शेजारी शेजारी. बघता बघता विरून गेले.

ठकीला कडेवर घेऊनच मी मागचे स्क्रू काढले. वायर तिथेच होती. झाकणाच्या बटणाला वळसा घालून, दोन्हीकडे डाग दिलेली.

सोल्डरिंग करणाऱ्या प्रत्येकाचा डाग वेगळा असतो. हस्ताक्षरासारखा. वहिनीचा डाग तांदळाच्या दाण्याएवढा, चकचकीत. दादाचा म्हणजे चिंचोका. काळपट, गुठळी झालेला, एका बाजूला ओघळलेला. आम्ही त्याला त्यावरून चिडवायचो. माझी वेणीही तो तशीच घालायचा.

वायरीच्या दोन्ही टोकांना चिंचोके होते.

ती वायर वहिनीने लावलीच नव्हती.

संध्याकाळी दादा आला. ठकीसाठी खुळखुळा घेऊन. मशीनचा मागचा पत्रा उघडा बघितला आणि दारातच थांबला.  तोच बोलू लागला. काम अडत होतं, एकेका नगाला झाकण काढा-लावा करण्यात दिवस जायचा. वायर काढ, वायर काढ म्हणून ती मागे लागली होती, आज काढतो उद्या काढतो करत राहिलं. तिने जरा लक्ष ठेवायला हवं होतं. एकदाच विसरली.

एकदा विसरलं म्हणून कोणी मरू नये, त्यासाठीच तर झाकण असतं. हे मला म्हणायचं होतं. घशातून निघालं ते वेगळंच.

"माझ्याकडे तसंच का पाठवलंस?"

"तू सांभाळून करतेस गं. तिच्यासारखी धांदरट नाहीस."

"हिच्या डोक्यावर हात ठेवला होतास, दादा."

त्याने ठकीकडे पाहिलं. ती खुळखुळा तोंडात घालून त्याच्याकडे बघून हसत होती.

"शपथेने काय होतं," तो म्हणाला.

टिंग.

हे त्यानेही ऐकलं. त्याचं तोंड पांढरं पडलं. तो वाटीकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. ज्या माणसाने मला लहानाचं मोठं केलं, त्याच्याकडे मी असं कधी पाहिलं नव्हतं. मशीन उचलून तो गेला. वाटी न्यायचं धाडस त्याला झालं नाही.

आम्ही बोलत नाही. काय झालं ते सगळं मी नवऱ्याला सांगितलंय, कारखान्यातल्या बायकांनाही सांगितलंय. वहिनीच्या आईकडे जाऊन आले. तिने ऐकून घेतलं आणि माझ्याऐवजी ठकीच्याच तोंडावरून हात फिरवला.

वायर आता खरंच काढलीय, असं तिथल्या बायका सांगतात. मशीन छान चालतं म्हणे. रेषा जागच्या जागी. काही चढत नाही.

म्हणजे ती तिथे नाही.

वाटी मी माळ्यावर टाकली आहे, फडक्यात गुंडाळून. तरी दुपारी आवाज येतो. ठकी झोपली की.

मी स्वतःला सांगते, राखण करतेय. तिनेच झाकण लावलं ना. तिनेच वाचवलं.

पण दोन दिवसांपासून एक गोष्ट लक्षात येतेय. ठकीला ताप नाही, थर्मामीटर लावून बघितला. हात-पाय थंडगार, पाठ थंड. फक्त टाळूवर एक जागा गरम लागते. दोन बोटं मावतील एवढीच.

जिथे दादाने शपथ घेताना हात ठेवला होता, तिथे.

ती राखण करतेय, की खोटी शपथ जिच्या डोक्यावर घेतली तिला धरून बसली आहे? मला सांगता येत नाही. सांगणारं मशीन आता घरात नाही.

आत्ताही माझा हात तिथेच आहे. मी उचलून बघितला.

ऊब माझ्या हाताची नाही.